तब्येत स्थिर आहे

"'वॉर्डातून बाहेर पड, हात धू आणि मग हवं तेवढं रड.' पहिल्याच दिवशी तुम्ही मला असं सांगितलं होतं, ताई."

"मग धुतलेस ना?"

"दोनदा."

इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीपुढे माझा नंबर यायचा होता. मागच्या बाकावर एक तरुण नर्स आणि तिच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. माझा मनातल्या मनात जप चालला होता, तो तिथेच राहिला.

"सकाळी मी आजींना म्हणाले, आजोबांची तब्येत स्थिर आहे. तासाभरात आजोबा गेले. मला नाही जमायचं हे काम. राजीनामा लिहिलाय मी."

"तेव्हा स्थिरच होती गं."

"पण त्या निर्धास्त होऊन घरी आंघोळीला गेल्या. शेवटी जवळ नव्हत्या."

"मग त्यांना सांगितलं कोणी?"

"मीच. म्हटलं, आजी, माझ्या शब्दावर तुम्ही गेलात, माझं चुकलं. तर त्यांनी माझाच हात धरला."

"अगं वेडे, तीस वर्षं झाली मला. इतकं सरळ एकदाही बोलता आलं नाही. डॉक्टरांच्या मागे लपायचे मी."

"तुम्ही?"

"मीच. आता वॉर्डभर मिरवणार आहे, ही माझ्या हाताखाली शिकली म्हणून. आण तो राजीनामा इकडे."

"घ्या, ठेवा तुमच्याकडे. चार वाजता त्यांचा मुलगा येतोय. वडील शेवटी काय बोलले ते मीच सांगेन, असं कबूल केलंय."

"मी येऊ?"

"दाराशी उभ्या राहा. बोलेन मी."

तिने घड्याळ पाहिलं, तोंड पुसलं आणि जिना चढू लागली. मोठ्या सिस्टर तिच्या दोन पायऱ्या मागून चालल्या.