पडवीत बसणारी पोरं

मी टोकावड्याच्या अलीकडचा, भाताची शेती, शाळा दुसरीपर्यंत, मग गुरांमागं. बायको सखू, ती गेली या माघात. पोटी मूल नाय. चार वर्सांमागं शहापूरचा सागर आला, कुठल्याशा संस्थेचा, म्हणाला बाबा, गावातल्या पोरापोरींना रविवारी बसायला पडवी द्याल का. मी म्हटलं बसून काय करणार, तो म्हणाला बोलतील. मी म्हटलं बोलायचा पगार मिळतो होय रे तुला. सखू आतनं म्हणाली, बसू द्या, तुमच्याशी बोलून मी कंटाळले.

काय सांगू तुमाला, मला सागरचं ते काम कळायचंच नाय. शहापूरवरनं एसटीनं मुरबाड, तिथनं जीप, आणि इथं येऊन गोल बसायचं. कोणी म्हणे बारावी नापास झालो, घरात तोंड दाखवायची लाज वाटते. एक पोरगा धाब्यावर प्यायला लागलेला, तो आता मुरबाडला वायरमनचं शिकतोय, पण त्याच्यामागं सागरनं किती खेपा घातल्या ते कुणाला दिसत नाय. भाताच्या पेंढ्या दिसतात, हे कसं दाखवणार.

पण पोरी यायच्या त्या सखूमुळं. ती उंबऱ्यात वाल सोलत बसायची, म्हणून आया पाठवायच्या. ती गेल्यावर पोरं आली, पोरी नाय. शेजारच्या धोंडूची पोर मनीषा, ती तर आधी एकही रविवार चुकवायची नाय, तिला स्थळं बघत होते. धोंडू म्हणाला, राग मानू नका बाबा, घरात बाई नाय, पोर कशी पाठवू. मी म्हटलं, अरे मला धड उठता येत नाय. तो हसला नाय. सागर म्हणाला, नुसत्या पोरांचं मी चालवणार नाय, बंद करू. मला बरंच वाटलं आधी, कुणाशी बोलायचंच नव्हतं. पण मनीषा पाण्याला जाताना पडवीकडं बघायची आणि मान फिरवायची. ते बघवेना.

मग धोंडूच्या बायकोलाच म्हटलं, पार्वती, सूप घेऊन तूच ये गो. धोंडू म्हणाला, आणि घरची कामं? ती म्हणाली, तिथं निवडलेले तांदूळ शिजत नाय का? ती आली, मग बाकीच्या आया आपापली कामं घेऊन आल्या, पोरी परत बसायला लागल्या, आणि सागरनं बंद करायचं नाव सोडलं. एका रविवारी मनीषा म्हणाली, मला नर्सिंग करायचंय. पार्वतीचा हात सुपातच राहिला. म्हणाली, हे घरी कधी बोलली नाय गो. मनीषा म्हणाली, घरी ऐकायला बसतं कोण.

लग्न थांबवलंय, धोंडूचं मन अजून खालीवर होतं. पण शनिवारी तो स्वतः तिला घेऊन शहापूरला गेला, कॉलेज बघायला.

सखू नाय ती नायच. पोरांनी घर भरलं असं कोणी म्हटलं की मला राग येतो. पण मी हाय तवर पडवी त्यांची, आणि पुतण्यालाही सांगून ठेवलंय, माझ्यामागं कुलूप लावू नको. शिकू देत, बोलू देत, सुखी राहू देत. सागर भेटला तर तेवढं सांगा, सकाळची जीप पकड म्हणावं, पोरी वाट बघत बसतात.