वहीतला कस्तुर

बेटावरच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहता पाहता उकाड्याने जीव नकोसा झाला होता. बोटीसाठीच थांबलेल्या एका नर्सबाईंच्या मागच्या बाकावर गळ्यात दुर्बिणी अडकवलेलं एक वयस्कर जोडपं बसलं होतं.

“अहो, तो कस्तुर पक्षी वहीत लिहिला नाहीत अजून?”

“लिहीन गं.”

“सगळ्यांसमोर तर ‘दिसला, दिसला’ म्हणालात.”

“बारा माणसं उन्हात माझ्यासाठी खोळंबली होती.”

“दुर्बिणीचं झाकणसुद्धा काढलं नव्हतंत. मी पाहिलं.”

“मग तिथेच सांगायचंस की!”

“चारचौघांत? इतकी का मी आगाऊ?”

“काढून तरी काय उपयोग होता? वर्षभर सगळं धूसरच दिसतंय मला. डॉक्टर म्हणाले, आता सुधारायचं नाही.”

नर्सबाईंनी मान वळवली नाही.

“वर्षभर! आणि मी मेली तुम्हाला फांद्या दाखवत बसले.”

“सांगितलं असतं, तर येऊ दिलं असतंस इथे?”

“नुसता ऐकलेला पक्षी वहीत चालतो का हो?”

“चालतो. पुढे ‘ऐकला’ असं लिहायचं.”

“गाईड म्हणत होता, कस्तुर पहाटे शीळ घालतो. आणा ती बोटीची तिकिटं इकडे. परवाची करून आणते.”