उरलेलं क्रियापद

मान हलवू नका, गुरुजी, वस्तरा आहे गालावर — आणि बोलूही नका, साबण तोंडात जाईल. मीच सांगतो. तुमची ती युक्ती वापरली मी. मागच्या खेपेला याच खुर्चीत म्हणाला होतात ना — शब्द क्रियाविशेषण होतो का हे बघायचं, तर त्याच्यापुढे क्रियापद ठेवायचं आणि विचारायचं, कसं? चौथीत शाळा सोडली मी, पण डोकं गहाण नाही टाकलं. 'हळू नवरा', 'हळू बायको' — असं म्हणतं का कुणी? नाही. 'हळू चाल' म्हणतात. कसं चाल? हळू. बसला शब्द!

'हळू'च का? — बायकोकडे तेवढाच उरलाय. झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, राहिला हा एक. दिवसभर तोच. मग मी आपला खाटेशी बसून एकेक क्रियापद लावून बघतो — हळू भरवू? हळू उठवू? हळू बोलू? ती डोळे मिटते. म्हणजे नाही. अकरा दिवस झाले, गुरुजी, माझ्याजवळची क्रियापदं संपत आली.

हनुवटी वर. — हात हलका आहे, असं सगळेच म्हणतात. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या गालावर ओरखडा नाही. घरी — घरी माणूस दमून जातो. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, त्यात जेवण निवलेलं, त्यात उलट उत्तर — उचलला जातो हात. कुणाचा नाही उचलला जात? रोज नाही. रोज नव्हतो मारत.

काल तिचे केस विंचरायला घेतले. साऱ्या जगाचे विंचरले, तिचे कधी नाही. कंगवा घेऊन हात वर केला — तर तिने डावा हात तोंडावर आडवा धरला. म्हणाली, हळू. मी म्हटलं, हळू विंचरू? — डोळे मिटले.

आता एकच क्रियापद उरलंय. ते विचारायची छाती होत नाही. घरात हात मागे बांधून बसतो. — तुम्ही शिकलेले, दुसरं एखादं बसत असेल तर सांगा. कुठलंही. — सांगा ना, आता कुठं साबण आहे तोंडाला?

राहू द्या. झाली दाढी. उठा — पुढचा नंबर कुणाचा?