हौसाक्काचा निरोप

मंडळी, बसा. पुढं सरका, मागच्यांना जागा द्या. खांबाला टेकलेल्यांनी मात्र टेकूनच राहावं — तुम्ही झोपणार हे मला ठाऊक आहे, निदान पडणार तरी नाही!

तर आज एक प्रश्न. शेजारच्या घरात मरण आलं — समजा आलं — तर आपण तिथं जाताना काय घेऊन जावं? ज्ञान घेऊन जावं, की नुसतंच जावं? हसू नका! आम्हां बुवालोकांना हा प्रश्न फार अवघड जातो. कारण आमच्याकडं ज्ञान असतं गाडीभर, आणि नुसतं जाणं — ते आम्हांला कुणी शिकवलेलंच नाही!

आता ऐका. कृष्णाकाठी आळतेवाडी नावाचं गाव. तिथं चिंतोबुवा हरळीकर म्हणून कीर्तनकार होते. उंच आवाज, लाल पगडी, आणि पोट — पोट साधारण माझ्याएवढं. म्हणजे विद्वान होते, हे तुमच्या लक्षात आलं असेल! बुवांचा हातखंडा विषय एकच — मेल्यावर काय होतं! वैतरणी नदी सांगायला लागले की पुढच्या रांगेतले लोक पाय वर घ्यायचे. एकेक मगर अशी रंगवायचे, की वाटावं, बुवा कालच तिकडून आंघोळ करून आलेत!

गावात सप्ता होता. पहिल्या दिवशी बुवांनी वैतरणी सांगितली. जीव वर्षभर चालतोय, तहानलेला, ठेचाळतोय — बायका रडल्या, बुवा खूश! दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, "अहो, मरण म्हणजे आहे काय? जीव म्हणजे भाडेकरू! एक खोली सोडली, दुसरी घेतली! सामान नाही, सुमान नाही! इकडं डोळे मिटले की तिकडं नवी आई, नवा पाळणा!" टाळ्या! बुवा पुन्हा खूश! काल वर्षभर चालणारा जीव आज लगेच पाळण्यात — दोन्ही एकाच तोंडातून! कुणी हटकलं का? छे! आम्हां कीर्तनकारांना श्रोते फार चांगले लाभतात — अर्धे झोपलेले, अर्धे घरी चूल पेटली असेल का या विचारात!

पण त्या दिवशी एक बाई जागी होती.

बायकांच्या बाजूला, दाराजवळ. हौसाक्का. नवरा ऊसतोडीच्या गाडीवर, घरी एक म्हैस, नदीकडं भुईमुगाचं थोडकं रान. आणि एक मुलगा होता — केरबा. आठ वर्षांचा. श्रावणात ताप आला, आणि गेलं पोर. दिवाळी तोंडावर आली होती, तरी बाई कुणाशी बोलत नव्हती, रडत नव्हती. शेजारणींनी धरून आणून कीर्तनाला बसवली होती. म्हणाल्या, ऐक जरा, बरं वाटेल!

तर टाळ्या थांबल्या, आणि ही उभी राहिली. पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली,

"बुवा, मग माझ्या केरबाला आता दुसरी आई हाय म्हणा की."

बुवा म्हणाले, "हो बाई! शास्त्रच आहे तसं!"

"मग त्या बाईला कुणी सांगितलंय का," हौसाक्का म्हणाली, "की ह्यो अंधाराला भितो? आणि कानाची पाळी हातात धरल्याबिगर ह्याला झोप येत न्हाई?"

मंडळी, मृदंग थांबला. पेटीवाल्याचा हात भात्यावर तसाच. आणि चिंतोबुवा — ज्यांना चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा हिशोब तोंडपाठ — त्यांनी तोंड उघडलं, आणि आतून काही म्हणता काही येईना! आम्ही अशा वेळी काय करतो माहीत आहे? भजन सुरू करतो! तुम्हांला वाटतं बुवांना भक्तीचं भरतं आलं. भरतं कसलं? अडलं की भजन! चिंतोबुवांनीही सुरू केलं. पण सूर लागेना. बाई उभीच. ओरडली नाही, भांडली नाही. उत्तराची वाट बघितली, आणि चपला शोधून निघून गेली.

घरी बुवांना जेवण जाईना. बायकोनं — त्यांना गाव काकू म्हणायचं — काकूंनी विचारलं, "झालं काय?"

"एका अडाणी बाईनं मला भर कीर्तनात गप्प केलं."

काकू म्हणाल्या, "मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते. कुठं राहते ती?"

हसा, हसा! पण बुवांना ती बोच होती हो. केरबाची नव्हे — आपल्या फजितीची! खोटं कशाला बोला! दुसऱ्या दिवशी हातात पोथी घेऊन ते हौसाक्काच्या दारात गेले. पटवून द्यायला! तर बाई दाराला कडी लावून निघालेली.

"कुठं चाललीस?"

"बाबालालकडं. तुमास्नी ठाव न्हाई, तर त्याला असंल."

बाबालाल मुल्ला गावच्या बैलांना नाल ठोकायचा आणि मशिदीत बांग द्यायचा. बुवांनी पोथी काखेत मारली. म्हणजे आमचं गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात! बुवा मागोमाग गेले. चुकीचं काही सांगितलं गेलं, तर दुरुस्त करायला कुणी नको का?

बाबालालनं बैलाचा पाय सोडला, हात पुसले, घोंगडं अंथरलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का, आमच्यात सांगत्यात, ल्हान लेकरं जात्यात ती एका बागंत असत्यात. कुणाची बी असूंदेत. इब्राहिम पैगंबर त्यास्नी सांभाळत्यात. म्हातारा माणूस, मायाळू. माझ्या दोन पोरी हैत तितं."

"अंधार असतोय का तितं?"

"बागंत कसला अंधार?"

हौसाक्कानं मान हलवली. आता बुवांना राहवेना. "बाबालाल, हे तुला कशावरून ठाऊक?"

"आमच्या मोठ्या माणसांनी सांगितलं."

"हं!"

"तुमचं तुमास्नी कशावरनं ठाव, बुवा?"

बुवा तोऱ्यात म्हणाले, "आमच्या मोठ्या माणसांनी —" आणि थांबले! बाबालाल हसला नाही, भला माणूस. त्यानं बुवांना पाणी दिलं.

परत येताना वाटेत घोडके गुरुजी भेटले. शाळेचे गुरुजी. देव नाही, आत्मा नाही, भूत नाही, असं गावभर सांगणारा माणूस. बुवांना वाटलं, बरं झालं! आता हिला कळेल, की आपला बुवा काही इतका वाईट नाही! बुवांनी मुद्दाम छेडलं, "काय गुरुजी, मेल्यावर काय?"

"काही नाही. दिवा विझला की ज्योत कुठं जाते? कुठंच जात नाही."

बुवांना वाटलं, आता बाई कोसळणार! बाई म्हणाली, "म्हंजे गुरुजी, त्याला आता भ्या वाटत नसंल?"

गुरुजींनी चष्मा काढला. "नाही वाटत, अक्का. कसलीच भीती नाही." मग चष्मा पुसत राहिले. पुसायचं काही राहिलं नव्हतं, तरी पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "पाढे फार मोठ्यानं म्हणायचा तो. बाकीच्या पोरांचे ऐकूच यायचे नाहीत." आणि सायकल हातात धरून तसेच चालत गेले. वर बसायचं विसरले!

बुवा पोथी सांभाळत हिच्या दारापर्यंत आले, तर तिथं भूपालअण्णा येऊन बसलेले. शेजारच्या रानाचे मालक, जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. अण्णांना गावातनं समजलं होतं, बाई विचारत फिरतेय. ते आपणहून आले होते. म्हणाले, "हौसा, आमच्यात जीव लोंबकळत न्हाई गं. पापणी लवायच्या आत दुसऱ्या पोटात जातोय. त्याला वाटंत थांबावं लागलं न्हाई, एवढं मी तुला सांगतो."

हौसाक्का उंबऱ्यावर बसली. बोटांवर काहीतरी मोजलं. "श्रावणात गेला. म्हंजे अजून पोटातच असंल की."

"असंल."

"पोटात बी अंधारच असतोय, अण्णा."

अण्णांनी बोटानं मातीत रेघ ओढली. बुवांनी पोथीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली! मग तीच म्हणाली, हळू, स्वतःशीच म्हणावं तसं, "पर त्या अंधाराला पोरं भीत न्हाईत."

आणि मंडळी, श्रावणापासून रडली नव्हती ती बाई, ती तिथं रडली. डोकं दाराच्या चौकटीला लावून, मोठ्यानं. अण्णांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. दोघे पुरुष तसेच बसून राहिले. चिंतोबुवांच्या तोंडात एक ओवी आली होती — पण ते पोथीवर हात दाबून बसले. आयुष्यात पहिल्यांदा ओवी गिळली त्यांनी! मला विचारा, ते किती कठीण असतं ते. माझ्या तर घशात अडकते!

बाई रडून उठली, तोंड धुतलं, चहा टाकला. चहा पिता पिता बुवांतला पंडित पुन्हा जागा झालाच. "पण हौसे, ह्यातलं तू खरं कुठलं धरलंस? बागेत आहे, पोटात आहे, की कुठंच नाही? तिन्ही एकदम खरी कशी असतील?"

ती म्हणाली, "बुवा, घरात पावणं आलं की आपण चार घरांतनं अंथरुणं गोळा करतो. तवा, ह्यातली खरी वाकळ कुठली, म्हणून इचारतो का? पावणा निजला म्हंजे झालं."

चहा संपला. बुवा घरी आले. पुढं त्यांची कीर्तनं होत राहिली, पण वैतरणी सांगायची वेळ आली की म्हणायचे, "अशी नदी आहे म्हणतात. मी पाहिलेली नाही." लोक कुरकुरले — पूर्वीचा रंग राहिला नाही म्हणाले! खरं बोललं की रंग जातोच हो. म्हणून तर आम्ही जपून बोलतो!

दोन-तीन वर्षं गेली. चिंतोबुवा आजारी पडले. छातीत पाणी झालं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. आणि आता गंमत ऐका. गंमतच म्हणतो, कारण उद्या ती माझीही होणार आहे! ज्या माणसानं जन्मभर मरण सांगितलं, तो मरणाला भ्याला! डोळे मिटले की वैतरणी! आणि त्यातली एकेक मगर बुवांनी स्वतःच्या तोंडानं सोडलेली — दात त्यांनीच मोजलेले! जरा कमी दातांची सांगितली असती तर काय बिघडलं असतं? मुलगा उशाशी पोथी वाचायला बसला, तर बुवा ओरडले, "बंद कर ते! मला पाठ आहे, म्हणून तर मरतोय!"

गाव भेटायला आलं. कुणी म्हणालं, बुवा, तुम्ही पुण्यवान. कुणी म्हणालं, तुम्हांला काय सांगायचं, तुम्ही तर ज्ञानी. प्रत्येक जण बुवांचंच एखादं वाक्य बुवांना परत देऊन गेला. शिळं होऊन परत आलेलं आपलं प्रवचन — मंडळी, शत्रूवर अशी वेळ येऊ नये!

मग एका दुपारी हौसाक्का आली. काही बोलली नाही. पायांशी बसली, बुवांचे पाय थंड होते, ते चोळायला लागली. बराच वेळ चोळत राहिली. काकू आत गेल्या तसं बुवा हळूच म्हणाले,

"हौसे, भीती वाटते गं."

"वाटणारच की, बुवा," ती म्हणाली. "नव्या गावाला जायचं म्हंजे."

म्हणाली नाही, की भिऊ नका! म्हणाली नाही, आत्मा अमर आहे! वाटणारच की, म्हणाली. आणि बुवांचा श्वास, सकाळपासून अडकलेला, जरा मोकळा झाला.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बुवा, माझं एक काम कराल?"

"मी? आता?"

"तिकडं चाललाय तर. केरबा दिसला, तर त्याला एवढा निरोप द्या. म्हणावं, तुझी आई येणार हाय, पर तिला अजून लई कामं हैत. शेंगा काढायच्या हैत. रेडी व्यायला झाली हाय. तू वाट बघत बसू नगंस. खेळ."

बुवा उशीवर जरा वर सरकले. मग त्यांच्यातला तो पंडित — मरेपर्यंत मरत नाही हो तो! — म्हणाला, "आणि नाहीच दिसला तर?"

"मग दुसऱ्या कुणाचं लेकरू दिसंल की. त्याला सांगा. समद्या आया त्योच निरोप धाडत्यात."

बुवा हसले. खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "पुन्हा सांग. पाठ करतो." आणि पाठांतराचा राजा तो, लहान मुलासारखा तिच्या मागं म्हणायला लागला — शेंगा काढायच्या आहेत... रेडी व्यायला झाली आहे... एकदा चुकले. तिनं दुरुस्त केलं. पुन्हा म्हणाले.

त्याच आठवड्यात बुवा गेले. शेवटी ओठ हलत होते. माणसं वाकून ऐकू लागली — एवढा मोठा कीर्तनकार, अंतकाळी मुखात कुठलं नाम आहे! मुलानं कान लावला आणि चमकून मागं सरला. गावात बभ्रा झाला, बुवांना शेवटी भ्रम झाला. देवाचं नाव सोडून म्हशीच्या रेडीचं काहीतरी बोलत होते! चेहरा मात्र शांत होता म्हणतात. एखाद्याला लांब कुठं महत्त्वाचं काम सोपवलं असावं, आणि ते काम चांगलं ठाऊक असावं, तसा.

तर मंडळी, मेल्यावर काय होतं? मला विचारू नका! मला आरतीनंतर प्रसाद उरतो की नाही, एवढंही सांगता येत नाही. बाग असेल, पाळणा असेल, विझलेला दिवा असेल. ज्याला त्याला आपल्या मोठ्या माणसांनी सांगितलेलं आहे. पण तुमच्या गावात, ह्याच देवळाच्या मागच्या आळीत, मागच्या महिन्यात एक तरुण पोर गेली असं मी येतानाच ऐकलं. तिच्या घरी "विधिलिखित होतं" म्हणून सांगायला कोण कोण गेलात? नको, नको, हात वर करू नका! मला मोजवणार नाहीत. आणि पाय चोळायला कोण गेलं? रडू द्यायला कोण बसलं?

आरती आज थोडक्यात आटपतो. प्रसाद घ्या आणि घरी जाताना त्या वाटेनं जा. त्या दारात जोडे काढाल ना, तेव्हा आपलं ज्ञानही तिथंच, जोड्यांशेजारी काढून ठेवा. माझं आजचं कीर्तनसुद्धा! भिऊ नका, ते कुणी चोरून नेत नाही. निघताना हवं असेल तर पुन्हा घाला.