नवऱ्याच्या खिशातला मेसेज

तुम्ही हसाल, पण पाळणा लांबवायच्या गोळ्यांची मोबाईलवरून आठवण करून द्यायची आमच्या आरोग्य केंद्राची योजना पहिल्याच आठवड्यात भलत्याच खिशात जाऊन वाजली. वडीगोद्रीच्या सुमननं घरातल्या एकुलत्या एका फोनचा नंबर दिल्ता. तो फोन नवऱ्याच्या खिशात, अन् नवरा उसाचं ट्रॅक्टर घेऊन अंकुशनगरच्या रस्त्याला. रोज संध्याकाळी त्यालाच मेसेज जायचा, "ताई, आजची गोळी घेतली का?"

हे कळलं तेव्हा मनात आलं, आपण घरात भांडण लावून दिलं की काय! तशीच तिच्याकडं गेले अन् म्हणाले, "सुमन, चूक झाली आमची. उद्यापासून तो मेसेज बंद करते."

"बंद? बिलकुल न्हाई, ताई!" भाकरी थापता थापता ती म्हणाली. "आता दारात पाय ठेवला की मालक आधी इचारतेत, गोळी घेतली का म्हणून. लग्न झाल्यापासून, जेवलीस का, एवढंबी कधी इचारलं न्हाई त्यांनी."

मंग भाकरी तव्यावर टाकून हळूच म्हणाली, "तुमच्या हातात असंल, तर एक मेसेज जेवणाचाबी टाका."