पितरांच्या शनिवारचा फोटो

वेनेता फोटोच्या दुकानात आईच्या वर्षश्राद्धाचं पत्रक छापून घ्यायला आली होती. रांगेत तिच्या पुढचा म्हातारा आपल्या गावाच्या फोटोंचं पुस्तक करून घेत होता.

"डाव्या पानावर गर्दी, उजव्यावर शांत जागा. समोरासमोर छान उठून दिसेल, आजोबा," काउंटरमागची मुलगी म्हणाली.

"लाव तसंच."

"ही गर्दी चौकातली ना? ईस्टरची?"

"ईस्टरचा चौक उजवीकडचा, पोरी. तो रिकामा बाक आहे ना, तो."

"अगं बाई! मग ही एवढी माणसं?"

"दफनभूमीत. पितरांचा शनिवार. त्या दिवशी सोफियाहून, जर्मनीहून झाडून सगळे येतात. शिजवलेले गहू वाटतात, थडग्यांवर वाइन शिंपडतात आणि दुपारच्या बसने पसार होतात."

"एरवी गावात कोण असतं?"

"मी. आणि एक कुत्रा, तोही शेजारच्या गावचा."

मुलगी हसली आणि एकदम थांबली.

"गर्दीच्या फोटोची ही कड कापते हं. इथे नुसतं गवत आहे."

"राहू दे ते. स्टोयनाच्या, माझ्या बायकोच्या शेजारची ती जागा माझी आहे."