सहानंतर दार बंद

त्या दिवशी उकाडा असा होता, की पेटीच्या पट्ट्या बोटांना चिकटत होत्या. आणि नेमका तेव्हाच सुनेने माझ्या गाण्याच्या क्लासला नियम लावला. "बाबा, सहा वाजले की दार बंद. उशिरा येईल त्याने घरी जायचं. तुम्ही विरघळायचं नाही!"

लावलं बाबा दार. आत सगळे घामाघूम. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. मंगलच असणार. हिंदमात्याला साडीच्या दुकानात कामाला असते, गिऱ्हाईक लवकर सोडत नाही. क्लासात बिचारी नुसते ओठ हलवायची. परवाच म्हणाली होती, "बुवा, चारचौघांत माझा आवाजच निघत नाही. सोडते मी." आज बंद दारावरून परत गेली, तर ती कायमचीच जाणार.

काय करावं सुचेना, म्हणून मी पेटीवर सा धरला. मुलांनी लावला. आणि दाराबाहेरूनही सा आला. चांगला मोकळा, भरलेला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

मी कडी काढायला उठलो, तर गॅलरीच्या खिडकीतून शेजारच्या तावडेकाकी हात हलवत हळूच म्हणाल्या, "उघडू नका हो बुवा. डोळे मिटून गातेय ती."